ऑनलाइन जॅमिंग करताना लॅपटॉपची चावी कुणाकडे असते?

मी नांदेडला, माझा जोडीदार लातूरला. मध्ये एसटीचा तीन-साडेतीन तासांचा रस्ता, म्हणून रविवारी रात्री आम्ही नेटवरूनच एकत्र वाजवतो.

आधी सोनोबस वापरलं, जॅम्युलस पण. यात प्रत्यक्ष आवाज जातो, आणि तो पोचायला २५-३० मिलिसेकंदांच्या वर उशीर झाला की ताल सुटतो. आमचा सुटायचाच. त्याचा तबला, माझा कीबोर्ड, सम काही जुळेना. मग ट्रूप सापडलं. हे लाइव्ह कोडिंगवाल्यांचं. फॉक्सडॉट नावाची पायथॉनची लायब्ररी आहे, तिच्यात ओळी लिहिल्या की संगीत सुरू. ट्रूपमध्ये दोघांना एकच पान दिसतं. नेटवरून फक्त अक्षरं जातात, आवाज ज्याच्या-त्याच्या लॅपटॉपवर तयार होतो. हॉटस्पॉटवर पण मस्त चालतं.

आणि गडबड इथंच आहे, बघा. मी लिहिलेली ओळ त्याच्या मशीनवर चालते. ती ताल वाजवणारीच आहे का, हे कुणीच तपासत नाही. फॉक्सडॉटमध्ये अख्खी पायथॉन चालते, आणि पायथॉनला फाइल उघडता येते, पुसता येते, दुसरीकडे पाठवताही येते.

एका रविवारी गंमत म्हणून मी मध्येच एक ओळ टाकली. लातूरला त्याच्या स्क्रीनवर कॅल्क्युलेटर उघडला.

"काय केलास रे?" म्हणून तो हसला, आणि मग एकदम गप्प झाला. त्या लॅपटॉपवर त्याच्या वडिलांच्या आडतीचा हिशेब होता. शेतकऱ्यांच्या पट्ट्या, खाते नंबर, सगळं. आणि सर्व्हरचा पत्ता नि पासवर्ड मी आदल्याच आठवड्यात "कुणीही या" म्हणून साठ-सत्तर जणांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलेला. त्यातल्या निम्म्यांना मी चेहऱ्यानं पण ओळखत नाही. चूक पूर्ण माझी.

आधी वाटलं, 'इम्पोर्ट' असलेल्या ओळी अडवू. इंजिनिअरची खोड! दोन संध्याकाळी घातल्या. एक वाट बंद केली की मीच दुसरी काढायचो. पायथॉनला असली गाळणी पुरत नाही.

म्हणून कोड जिथं चालतो ती जागाच रिकामी ठेवायची. त्यानं कपाटातला जुना लॅपटॉप काढला. त्यात ट्रूप आणि फॉक्सडॉटपुरतंच सामान, ब्राउझरमध्ये कसलंही लॉगिन नाही. तो घरच्या वायफायला जोडायचा नाही, नाहीतर त्यातून शेजारच्या मशीनपर्यंत जायला वाट मिळते. दुसरा लॅपटॉप नसेल तर विंडोजमध्ये वेगळा युजर करा, अ‍ॅडमिन नव्हे, स्टँडर्ड. पण हिशेब डी ड्राइव्हवर असेल तर तो या युजरलाही बहुतेक दिसतोच, हे लक्षात ठेवा. राउटरवर पोर्ट उघडण्यापेक्षा दोघांत खासगी व्हीपीएन बरा. पासवर्ड दर वेळी नवा आणि तो फोन करून सांगायचा. वाजवून झालं की सर्व्हर बंद.

सोनोबसमध्ये दुसऱ्याचा कोड चालत नाही, तेवढी धास्ती कमी. पण त्यातला आवाज एन्क्रिप्ट होत नाही, तेव्हा गप्पांच्या ओघात ओटीपी वगैरे बोलू नका.

ग्रुपवर मी झालेलं सगळं लिहून कळवलं, पासवर्ड बदलला. दोघांनी विचारलं, "मग आम्ही कुठं वाजवायचं?" त्यांना सोनोबसवर बोलावलंय. ताल सुटणार, माहितीये.