पाटीमागून दिसणारा रस्ता

आम्ही मीरा-भाईंदरहून बोलतोय. मुंबईच्या पश्चिम रेल्वेवर दहिसर मागे पडलं की मीरा रोड येतं, मग भाईंदर. त्यापुढे खाडीवरचा पूल आणि पलीकडे नायगाव, वसई. 2002 साली इथे महानगरपालिका झाली, पण उत्तन, डोंगरी, राई, मुर्धा, घोडबंदर ही नावं आजही गावाचीच म्हणून घेतली जातात. म्हणजे आम्ही शहरातल्या असलो तरी तुमच्यापासून फार लांबच्या नाही.

आज बचतीवर बोलायचं नाही, हप्त्यांवरही नाही. आज फोटोंवर बोलायचं आहे.

गटाचा फोटो कसा असतो ते तुम्हाला सांगायला नको. मागे बॅनर, खाली सतरंजी, पदर नीट केलेले, मधे अध्यक्षा आणि सचिव, हातात पुठ्ठ्याचा मोठा चेक. मग कुणीतरी ओरडतं, "सगळ्यांनी इकडे बघा!" अहवालाला असाच फोटो लागतो. हल्ली तर त्यावर जागा आणि वेळही उमटवून मागतात. आमच्याकडे अशा फोटोंची फाइल भरली आहे. एका बैठकीत ती चाळताना आमच्यातली एक म्हणाली, "यात आपण सगळ्या आहोत, पण एकही बाई काम करताना नाही." खरंच नव्हती. पहाटे मासे आणणारी, दुपारभर खोट्या दागिन्यांना खडे चिकटवणारी, चार घरची भांडी घासणारी, सगळ्या त्या फोटोंत हात जोडून नाहीतर हात बांधून उभ्या.

तेव्हा ठरलं. महिन्याच्या बैठकीनंतर अर्धा तास थांबायचं. प्रत्येकीने त्या महिन्यात काढलेले दहा फोटो दाखवायचे. फोटो रस्त्यावरचे, बाजारातले, स्टेशनवरचे. कुणालाही "इकडे बघ" म्हणायचं नाही. आम्ही अकरा जणी होतो आणि चालणारे फोन सात, त्यामुळे काहींनी मुलांचे फोन आणले. ते मागून घ्यायला किती आर्जवं करावी लागली तो विषय वेगळा.

पहिल्या दोन-तीन महिन्यांत सगळ्यांचे फोटो एकसारखेच आले. खाडीवरचा सूर्यास्त, जास्वंदीचं फूल, नातवंडं. छान होते, पण कुणाचा कुठला ते ओळखू येईना. नाव झाकलं की फोटो कुणाचाही. आपली म्हणून काही धाटणी असते, ती कशी येते, हा प्रश्न आम्हाला तिथे पडला. उत्तर मिळालं ते आमच्या मावशीच्या फोटोंत.

मावशी उत्तनच्या. भाईंदरच्या बाजारात मासे विकतात. त्यांनी दहा फोटो दाखवले, त्यातल्या आठांत माणसांना डोकी नव्हती. एकीने विचारलं, "मावशी, मुंडकी कापली का?" मावशी म्हणाल्या, "मी खाली बसते गं. मला एवढंच दिसतं."

मग आम्ही ते आठही फोटो सतरंजीवर ओळीने मांडले आणि बराच वेळ बघत बसलो. गुडघे. साड्यांचे काठ, पँटची घडी, ऑफिसच्या चपला. कापडी पिशवी, आणि तिच्यातून डोकावणारी कोथिंबीर. माशाचा कल्ला उचलून लाल आहे का ते बघणारं बोट. वाट्याकडे दाखवून भाव पाडणारा हात, आणि दुसऱ्या फोटोत तोच हात पैसे मोजताना, जरा आखडलेला. चेहरा दिसत होता फक्त दोघांचा. आईचं बोट धरून उभ्या असलेल्या लहान मुलीचा, आणि मासे नीट निवडायला स्वतः उकिडव्या बसलेल्या एका बाईचा. पाटीपुढे जो वाकला, त्यालाच त्या फोटोत तोंड होतं.

हा रस्ता आम्ही रोज तुडवतो, पण असा कधी बघितला नव्हता. कॅमेरा घेऊन बाजारात येणारी माणसं उभी असतात. ती वरून पाट्यांचे फोटो काढतात, माशांचे रंग टिपतात, मावशींचा नाकातला दागिना टिपतात. पाटीमागून बाजार कसा दिसतो हे पाटीमागे बसणारीच दाखवू शकते. त्यासाठी मावशींना कुठला कोर्स करावा लागला नाही. त्या आपल्या जागी बसल्या होत्या एवढंच.

त्या दिवसानंतर आम्ही प्रत्येकीला एकच विचारू लागलो. तुझा दिवस कुठे जातो? तू बसतेस, उभी असतेस, की चालत असतेस? कुणाच्या पुढे असतेस, कुणाच्या मागे? तिथूनच फोटो काढ. पहाटे रस्ता झाडणारीने झाडल्यानंतरचे, माणसं येण्याआधीचे रस्ते काढले. खडे लावणारीने खिडकीतल्या उजेडात हात काढले, तिच्या चाळीत दारोदार बसलेल्या बायकांचे.

लोकलने जाणाऱ्या आमच्या दोघींना एका मुंबईकर बाईचं उदाहरण फार उपयोगी पडलं. अनुश्री फडणवीस हे त्यांचं नाव. लोकलच्या महिला डब्यातून प्रवास करताना त्या फोनवर सहप्रवासिनींचे फोटो काढायच्या आणि 'ट्रेन डायरीज' या नावाने इन्स्टाग्रामवर टाकायच्या. डब्यात झोपलेल्या, गप्पा मारणाऱ्या, खिडकीशी एकट्या बसलेल्या बायका. या डब्यात कितीही मोठा पुरुष छायाचित्रकार असला तरी तो असा रोज बसू शकत नाही. पुढे त्या रॉयटर्स या जागतिक वृत्तसंस्थेत गेल्या. हाँगकाँगच्या आंदोलनाच्या छायाचित्रांसाठी रॉयटर्सच्या चमूला 2020 चं पुलित्झर पारितोषिक मिळालं, त्या चमूत त्या होत्या. आम्हाला मात्र त्यांचे डब्यातलेच फोटो जास्त जवळचे वाटतात. तो डबा आमचाही आहे ना.

आणखी मागे गेलं तर होमाई व्यारावाला. 1913 साली नवसारीत जन्मल्या, मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकल्या, देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार झाल्या. सुरुवातीला त्यांचे फोटो नवऱ्याच्या नावाने छापून यायचे. साडी नेसलेली बाई कॅमेरा घेऊन उभी आहे, म्हणून लोक तिला फारसं मोजायचे नाहीत, आणि ती मात्र सगळं टिपून घ्यायची. त्यांना पद्मविभूषण मिळालं 2011 मध्ये, म्हणजे वयाच्या सत्त्याण्णवाव्या वर्षी. काय म्हणावं याला!

आणि घरकाम करणाऱ्या आमच्या मैत्रिणींना आवडते ती व्हिव्हियन मायर. ही अमेरिकेतली. शिकागोत लोकांच्या घरी मुलं सांभाळायची आणि सवड मिळेल तेव्हा गळ्यात कॅमेरा अडकवून रस्त्यावर फिरायची. तिने लाखाहून अधिक फोटो काढले आणि जवळजवळ कुणालाच दाखवले नाहीत. 2007 साली भाडं थकल्यामुळे तिचं गोदामातलं सामान लिलावात निघालं, तेव्हा ते लोकांपुढे आले. 2009 मध्ये ती गेली. जग तिला नावाजू लागलं ते त्यानंतर. आमची एक यावर म्हणाली, "म्हणून आपले दर महिन्याला दाखवायचे. पेटीत ठेवायचे नाहीत."

आता थोडं कामाचं, म्हणजे तुम्हालाही करता येईल. फोनची काच आधी पुसा. मासे, तेल, पीठ, सगळं काचेला लागतं आणि फोटो धुरकट येतो. बोटांनी ताणून लांबचं जवळ आणू नका, दोन पावलं पुढे जा. जाता येत नसेल तर तो फोटो आपला नाही असं समजा. निळ्या ताडपत्रीखाली सगळं निळं येतं, माणसंसुद्धा. आमची एक म्हणून बाजारातले फोटो काळे-पांढरेच ठेवते आणि तीच आता तिची ओळख झाली आहे. व्हॉट्सअॅपवर फोटो साधा पाठवला तर बारीक होतो, छापायचा असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. आणि जागा सारखी बदलू नका. एकच नाका, एकच वेळ, दोन-तीन महिने. मग पन्नासेक फोटो एकत्र मांडा आणि मैत्रिणीला विचारा, "यात परत परत काय येतंय?" स्वतःला ते दिसत नाही. दुसरीला लगेच दिसतं.

यातली सगळ्यात अवघड गोष्ट मात्र पुढे आहे. नकळत फोटो काढायचा म्हणजे कुणाचा? आणि तिला चालतं का?

नकळत आणि चोरून यांत आम्ही फरक करतो. आम्ही जिथे फोटो काढतो तिथे आधी जाऊन बसतो. नमस्कार होतो, चहा होतो, हातात फोन आहे हे सगळ्यांना दिसतं. पंधरा-वीस मिनिटांनी लोक आपापल्या कामाला लागतात आणि आम्हाला विसरतात. तेव्हा काढलेला फोटो नकळतचा. फोनचा खटका वाजतो तो आवाज आम्ही बंद करत नाही. काहींचं म्हणणं असतं की आवाजाने क्षण जातो. जाऊ दे. बाईला खटका ऐकू आला पाहिजे, म्हणजे ती वळून बघेल, हसेल किंवा नको म्हणेल. अकोल्याचे सुधारक ओलवे, ज्यांना 2016 मध्ये पद्मश्री मिळाली, त्यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांचे फोटो काढले आहेत. गटारात उतरलेल्या, कचऱ्यात उभ्या असलेल्या माणसांचे. ते बघितले की कळतं, तिथे उभं राहू दिल्याशिवाय असे फोटो निघत नाहीत.

आमच्या गटातला सगळ्यात सुंदर फोटो तुम्हाला कधीच बघायला मिळणार नाही. स्टेशनच्या पुलाखाली सुकी मासळी विकणारी एक बाई. सकाळचं ऊन जिन्याच्या फटींतून तिच्या तोंडावर पट्ट्यापट्ट्यांनी पडलं आहे आणि ती शेजारणीच्या कशावर तरी मान मागे टाकून हसते आहे. फोटो काढणारीने लगेच तिला दाखवला. ती कितीतरी वेळ बघत राहिली. म्हणाली, "मी अशी हसते?" आणि मग हळूच, "कुणाला दाखवू नका. लेकीच्या सासरी माहीत नाही, मी इथे बसते."

आम्ही यावर खूप बोललो. काही जणी म्हणाल्या, कष्टाची लाज कसली, उलट तिलाच समजवा. बरोबर आहे, कष्टाची लाज नाहीच. पण सासर तिच्या लेकीचं आहे, फोटो भिंतीवर लागला तर बोलणी त्या लेकीने खायची. आपण घरी जाऊन निवांत जेवणार. समजवायचं झालं तर तिच्या शेजारी बसून, वर्ष-दोन वर्षं समजवू. फोटो लावून समजवायचं नाही. त्या फोटोची एक प्रिंट काढून तिला दिली आणि फोनमधला तिच्यासमोर पुसला. ती प्रिंट तिने पैशांच्या डब्यात, झाकणाला आतून लावली आहे. डबा उघडला की तिची तिला दिसते.

तुमच्या गावात तर हे आणखी जपायला हवं. शहरात गर्दीत माणूस हरवतो. गावात फोटोतल्या बाईला सगळे ओळखतात, ती कुणाशी बोलत होती तेही ओळखतात. म्हणून आमचा क्रम असा आहे: आधी तिला दाखवायचा, मग गटाला, आणि बाहेर फक्त तिने हो म्हटलं तर. लहान मुलांचा असेल तर आईला विचारून. झोपलेल्या बाईचा, दूध पाजणाऱ्या बाईचा, रडणाऱ्या बाईचा आम्ही काढतच नाही, कितीही चांगला येणार असला तरी. आंघोळ किंवा कपडे बदलणं अशा खासगी वेळी बाईचा फोटो तिच्या संमतीशिवाय काढणं आणि पसरवणं हा गुन्हाच आहे. भारतीय न्याय संहितेचं कलम 77 लक्षात ठेवा, कुणी असं केलं तर पोलिसांना सांगताना उपयोगी पडेल.

या वर्षी फाइलीत आम्ही दोन भाग केले आहेत. बॅनरवाला फोटो अहवालासाठी आहेच, तो द्यावा लागतो. त्याच्या मागे एका जाड वहीत आमचे फोटो, प्रत्येकीची चार-चार पानं. प्रिंटच्या मागे तारीख, जागा आणि काढणारीचं नाव लिहितो. गटाची तपासणी करायला आलेल्या एका ताईंनी परवा ती वही उघडली आणि बॅनरचं विसरूनच गेल्या. मावशींची पानं आली तेव्हा त्या काही न बोलता खुर्चीवरून उठून खाली सतरंजीवर बसल्या आणि तिथून बघू लागल्या.

जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा उत्तनला बोंबील वाळत घालायचे बांबू रिकामे असतात. त्या रिकाम्या बांबूंचे फोटो मावशींनी काढून ठेवले आहेत. होड्या पुन्हा निघाल्या, पाऊस सरला आणि बोंबील वर चढले की त्याच जागेवरून दुसरे काढायचे म्हणतात. या वेळी पहिल्यांदाच त्या उभ्या राहून काढणार आहेत. बघू कसे येतात.