जुना संगणक, नवी सिस्टिम
आम्ही साखऱ्याच्या बचत गटातल्या बाया बोलतोय. विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. संगणक चालतो, पण दाराला कडी नसल्यासारखं. आत आपल्या कर्जाच्या नोंदी असतात.

विंडोज ११ ला निदान ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि चालणारा प्रोसेसर लागतो. नसेल तर लगेच गटाचे पैसे मोडू नका. लिनक्स फुकट मिळतं, मराठीही लिहिता येतं. मात्र आपलं हिशेबाचं सॉफ्टवेअर त्यावर चालतं का, ते आधी विचारा.

काहीही बदलण्याआधी सगळा हिशेब पेनड्राइव्हवर उतरवा, दुसऱ्या संगणकावर उघडून बघा. सिस्टिम पुन्हा टाकता येते. पुसलेला हिशेब कुठून आणायचा?