परमुलखातली खाणावळ



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर आजवर मोठमोठे विषय झाले असतील. तेथे उभे राहून आम्ही जेवणाखाण्याविषयी बोलणार म्हटल्यावर आपल्यापैकी काहींना हसू येणे साहजिक आहे. चिटणिसांनी आम्हांला ‘जपानी समाज’ असा भारदस्त विषय सुचवला होता. परंतु एखादा समाज पुरता समजला असे म्हणण्याइतका आमचा तेथला मुक्काम मोठा नव्हता. कामानिमित्त आम्ही सव्वा वर्ष टोकियोत राहिलो, आणि तेवढ्या काळात आम्हांला जे थोडेफार जपानी जीवन दिसले, ते बरेचसे तेथल्या हिंदुस्थानी खाणावळीच्या बाकावर बसूनच दिसले. तेव्हा तेथूनच सुरुवात करतो.

जपानात गेल्यावर पहिल्या पंधरवड्यातच आमची जीभ बंड करून उठली. आमच्या मुक्कामाजवळच्या गल्लीत भारतीय उपाहारगृहाची पाटी दिसली, तेव्हा माहेरचे माणूस भेटल्यासारखा आनंद झाला. आत गेलो. दहाबारा माणसे बसतील एवढीच जागा. भिंतीवर ताजमहाल आणि गणपती शेजारी शेजारी. बसताच गरम पाण्यात भिजवून पिळलेला रुमाल हात पुसायला आला. मग ताट आले. ताटात वाटीभर आमटीसारखा रस्सा, आणि ताटाच्या दोन्ही कडांवरून खाली लोंबणारा एक अजस्र नान! आयुष्यात आम्ही एवढा नान पाहिला नव्हता. आपल्याकडे रोजच्या जेवणात नान कोण खातो? परंतु जपानी माणसाच्या मनात हिंदुस्थानी जेवण म्हणजे हा नान, असे समीकरण पक्के झाले आहे. आम्ही भटारखान्याकडे डोकावून हिंदीत बोलू लागलो. तंदुरीशी उभा असलेला स्वयंपाकी हसून म्हणाला, ‘‘साहेब, मी नेपाळचा.’’ पुढे कळले, की जपानातली अशी पुष्कळ भारतीय उपाहारगृहे नेपाळी मंडळीच चालवतात. पाटी आपली, भाकरी त्यांची. आणि त्यात वाईट वाटण्याजोगे काही नाही.

आमचे लक्ष मात्र ताटापेक्षा माणसांकडे जास्त होते. दुपारची वेळ. कचेरीतले कारकून एकेक करून येत, भिंतीकडे तोंड करून बसत, हात जोडून ‘इतादाकिमासु’ असे पुटपुटत आणि जेवू लागत. या शब्दाचा अर्थ ‘मी हे नम्रपणे स्वीकारतो’ असा आहे. जेवण संपले की ‘गोचिसोसामा’ म्हणजे ‘मेजवानीबद्दल आभारी आहे’ असे म्हणून पैसे द्यायचे आणि जायचे. मोठ्याने बोलणे नाही, वाढप्याला हाका नाहीत, बक्षिशी देण्याची तर चालच नाही. एकदा आम्ही आपल्या सवयीने चार नाणी टेबलावर ठेवून निघालो, तर ती पोरगी धावत रस्त्यापर्यंत आली आणि विसरलेली नाणी आमच्या हातावर ठेवून वाकून नमस्कार करून गेली. एकट्याने जेवणे तेथे कोणाला ओशाळवाणे वाटत नाही. आपल्याकडे एकटा जेवणारा दिसला की आपल्याला त्याची कीव येते. तेथे त्याच्यासाठी निराळे बाकच करून ठेवलेले असतात.

ही शिस्त येते कोठून? जपानात १९५४ साली शाळेतल्या जेवणाचा कायदा झाला. बहुतेक प्राथमिक शाळांत दुपारचे जेवण वर्गातच होते, आणि ते मुलेच वाढतात. पांढरे एप्रन आणि टोप्या घालून पाळीपाळीने मुले पातेली आणतात, सर्वांना सारखे वाढतात, मग सर्वांनी एकदम जेवायचे. डॉक्टरचा मुलगा हमालाच्या मुलाला वाढतो आणि उद्या हमालाचा मुलगा डॉक्टरच्या मुलाला. या जेवणातला मुलांचा लाडका पदार्थ कोणता? तर ‘कारे राइसु’, म्हणजे आपली करी आणि भात!

‘आपली’ म्हणताना मात्र थोडे थांबले पाहिजे. ही करी जपानात हिंदुस्थानातून थेट गेली नाही, ती विलायतेहून गेली. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी मसाल्याची तयार पूड आणि गव्हाच्या पिठाने दाट केलेला रस्सा तेथे नेला. जपानी आरमाराने १९०८ सालच्या आपल्या पाककृतींच्या पुस्तकात तो घातला, आणि खलाशांच्या ताटातून तो घरोघर गेला. आज तो जपानी माणसाला परका वाटत नाही.

खरी हिंदुस्थानी करी तेथे गेली, तिची कथा एखाद्या कादंबरीत शोभावी अशी आहे. १९१२ साली दिल्लीत व्हाइसरॉय हार्डिंगवर बॉम्ब पडला. त्या कटातले रासबिहारी बोस १९१५ साली जपानात पळून गेले. इंग्रजांच्या दडपणामुळे जपान सरकारने त्यांना देश सोडण्याचा हुकूम दिला. तेव्हा टोकियोच्या शिंजुकू भागातील नाकामुराया या पावाच्या दुकानाचे मालक सोमा आइझो आणि त्यांच्या पत्नी कोक्को यांनी बोसांना आपल्या आवारात लपवून ठेवले. पुढे १९१८ साली या दांपत्याची मुलगी तोशिको बोसांशी विवाहबद्ध झाली. हातावर शीर घेऊन फिरणाऱ्या परदेशी माणसाला पोटची मुलगी देणे ही लहान गोष्ट नव्हे. १९२३ साली बोस जपानी नागरिक झाले आणि १९२५ साली तोशिको वारली. नाकामुरायाने १९२७ च्या जूनमध्ये उपाहारगृह उघडले, तेव्हा बोसांच्या आग्रहाने तेथे पीठ न घातलेली, हिंदुस्थानी पद्धतीची कोंबडीची करी ठेवली गेली. बाजारात करी-भात दहाबारा सेनला मिळत असता हिची किंमत होती ८० सेन. तरी लोक आले, आणि ते दुकान आजही चालू आहे. पुढे १९४९ साली स्वातंत्र्यचळवळीतलेच ए. एम. नायर यांनी गिंझा भागात उपाहारगृह काढले; आणि १९५७ साली टोकियोत एक उपाहारगृह निघाले, त्याचे नाव ऐकून आपल्याला आनंद होईल. ते नाव ‘अजंता’!

आपल्या या शहरातून अजिंठ्याला जाताना आपण जपानी प्रवाशांच्या मोटारी पाहतो. अराई कांपो नावाचा चित्रकार रवींद्रनाथांच्या निमंत्रणावरून १९१६ साली हिंदुस्थानात आला आणि त्याने अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती केल्या. अजिंठा-वेरूळच्या जतनासाठी आणि सोयींसाठी जपानने १९९० नंतर कर्जाऊ साहाय्यही दिले. तेव्हा त्या देशाशी आपले नाते आजचे नाही. गेल्या पंचवीस वर्षांत संगणकाच्या कामासाठी पुष्कळ हिंदी कुटुंबे टोकियोच्या एदोगावा भागात, निशि-कासाई येथे जाऊन राहिली. त्यांत मराठी घरेही आहेत. महाराष्ट्रातून गेलेले योगेंद्र पुराणिक हे २०१९ साली एदोगावाच्या स्थानिक सभेवर निवडून आले. त्यांच्या कुटुंबाने तेथे आपल्या घरगुती पदार्थांचे उपाहारगृहही चालवले.

येथपर्यंत ऐकून आपल्याला वाटेल, की जपानी समाजाने परक्याला पोटाशी धरले. आम्हांलाही तसेच वाटत होते. पुढे घर शोधायची वेळ आली.

पहिले तीन महिने आमची सोय दुसऱ्याकडे होती. मग स्वतंत्र खोली हवी म्हणून आम्ही एका दलालाच्या कचेरीत गेलो. दलाल मोठा आर्जवी माणूस. त्याने आमच्यापुढे चहा ठेवला आणि घरमालकांना एकामागून एक दूरध्वनी करायला सुरुवात केली. भाषा आम्हांला फारशी येत नव्हती, परंतु ‘गाइकोकुजिन’ म्हणजे परदेशी माणूस, एवढा शब्द कळत होता. तो शब्द उच्चारला गेला की पलीकडे थोडी शांतता होई, आणि मग दलाल टेलिफोनपुढेच वाकून नमस्कार करी. पाच ठिकाणी असे झाले. प्रत्येक वेळी तो आमच्याकडे वळून, अत्यंत दिलगिरीने, म्हणे, ‘‘ती खोली नुकतीच दिली गेली.’’

हे आमच्या एकट्याच्या नशिबी आले असेही नाही. जपानच्या न्यायखात्याने परदेशी रहिवाशांची पाहणी करून २०१७ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. मागच्या पाच वर्षांत ज्यांनी घर शोधले होते, त्यांपैकी सुमारे ३९ टक्के लोकांना परदेशी म्हणून नकार मिळाला होता.

त्या दिवशी दुपारी आम्ही नेहमीच्या खाणावळीत जेवायला गेलो. दाराशी रांग होती. रांगेतली माणसे आसपास राहणारी, हिंदुस्थानी करीसाठी उन्हात उभी राहिलेली. आम्हांला संताप आला. यांना आमचा मसाला हवा, आमचा नान हवा, आणि आम्ही शेजारी नको! तो संताप घेऊनच आम्ही मायदेशी परत आलो असतो, आणि आज आपल्यापुढे जपान्यांच्या तुटक वृत्तीवर एक चांगले टाळ्या घेणारे व्याख्यानही दिले असते. परंतु ‘ती खोली नुकतीच दिली गेली’ हे वाक्य काही केल्या पाठ सोडीना. ते आम्ही पूर्वी कोठे तरी ऐकले होते. रात्री अंथरुणावर पडल्यावर आठवले. ते आम्ही ऐकले नव्हते. आम्ही स्वतः म्हटले होते.

याच शहरात आमच्या घराच्या माडीवर दोन खोल्या रिकाम्या होत्या. मराठवाड्यातल्याच एका खेड्यातला तरुण कॉलेजसाठी आला होता, तो विचारायला आला. स्वच्छ कपडे, हातात पुस्तके, बोलणे अदबीचे. आम्ही त्याचे नाव विचारले. मग पूर्ण नाव विचारले. मग गाव, आणि गावात घर कोणत्या बाजूला, हेही विचारले. उत्तरे ऐकल्यावर आम्ही अत्यंत सौजन्याने म्हणालो, ‘‘अरेरे, खोल्या कालच दिल्या.’’ तो ‘‘बरं, येतो काका’’ म्हणाला आणि जिना उतरून गेला. त्याला पाणीसुद्धा विचारले नव्हते. त्या खोल्या पुढे दीड महिना रिकाम्याच होत्या. आणि विशेष हे, की त्या काळी आम्ही सहभोजनाचे कट्टर पुरस्कर्ते होतो! हॉटेलात कोणाहीबरोबर एका टेबलावर बसून मिसळ खाण्यास आमची कधीच हरकत नव्हती.

सभ्य गृहस्थहो, नंतर आम्ही जपानचा थोडा इतिहास वाचला, तेव्हा दिसले की गाव विचारण्याची ही युक्ती तेथेही आहे. जनावरे सोलणे, कातडे कमावणे ही कामे ज्यांच्याकडे होती, त्यांना जपानात शतकानुशतके वस्तीबाहेर ठेवले गेले. १८७१ साली सरकारने ती पायरी कायद्याने रद्द केली. पुढच्याच वर्षी खुद्द सम्राटाने गोमांस खाल्ल्याचे जाहीर झाले आणि मांसाहार प्रतिष्ठित ठरला. मांस सर्वांच्या ताटात गेले, परंतु ते कापणाऱ्याची वस्ती होती तेथेच राहिली. या लोकांनी १९२२ साली क्योतो येथे ‘सुइहेइशा’ ही आपली संघटना उभारली. तरीही १९७५ साली असे उघडकीस आले, की या वस्त्यांच्या नावांच्या याद्या विकल्या जात होत्या आणि बड्या कंपन्या नोकरभरतीसाठी त्या विकत घेत होत्या. चेहरा सारखा, भाषा सारखी. म्हणून गाव विचारायचे. २०१६ साली या भेदाविरुद्ध तेथे कायदा करावा लागला.

आता वर्षांचा एक योग पाहा. नाकामुरायाची करी प्रथम वाढली गेली ते साल १९२७. त्याच वर्षी २० मार्चला महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. तिकडे परमुलखातल्या माणसाच्या हातची चव ८० सेन देऊन घेतली जात होती, आणि इकडे आपल्याच माणसाला गावच्या तळ्याचे पाणी मिळावे म्हणून सत्याग्रह करावा लागत होता. त्याच बाबासाहेबांनी पुढे १९५० साली आपल्या या शहरात महाविद्यालय काढले. आमच्या जिन्यावरून परत गेलेला तरुण कोणत्या कॉलेजचा होता, हे विचारण्याची तसदीही आम्ही घेतली नव्हती.

आपल्यापासून बारा-तेरा कोसांवर पैठण आहे. श्राद्धाचे अन्न नाथांनी भुकेल्या अंत्यजांना वाढले, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. परंतु कथेत आणखी एक प्रसंग सांगतात. नाथ अंत्यजाच्या घरी जेवायला गेले. आपल्या दारी चार माणसांना वाढणे तुलनेने सोपे. त्यात वाढणाऱ्याचा मोठेपणा शाबूत राहतो. त्याच्या दारी पाहुणा म्हणून जाणे अवघड. नाथांनी दोन्ही केले, म्हणून गावाने त्यांना छळले.

सव्वा वर्षात आम्हांला जे उमगले ते एवढेच. जिभेला परक्याचे वावडे नसते. अन्न सीमा ओलांडते, जात ओलांडते, आरमाराच्या जहाजावरून समुद्रही ओलांडते. म्हणून एखादा समाज दुसऱ्याचे पदार्थ आवडीने खातो, एवढ्यावरून त्याला उदार म्हणू नये. उदारपणाची परीक्षा ताटावर होत नाही, ती जिन्यावर होते. खोली मागायला माणूस येतो तेव्हा होते. सोमा दांपत्य त्या परीक्षेला उतरले. बोसांची करी त्यांनी दुकानात ठेवली, पण त्याआधी बोसांना घरात ठेवले होते. आम्ही त्या परीक्षेत नापास झालो होतो, आणि ते कळायला आम्हांला टोकियोला जावे लागले.

सहाव्या ठिकाणी आम्हांला खोली मिळाली, हे सांगायचे राहिले. मालकीणबाई सत्तरी उलटलेल्या होत्या. त्यांनी दलालाला एकच प्रश्न विचारला होता, ‘‘हे गृहस्थ कचरा वेगवेगळा करतील ना?’’ आम्ही करू म्हणालो. आमच्या देशाविषयी त्यांनी त्यानंतर पुष्कळ विचारले, परंतु ते किल्ली हातात दिल्यावर.

परत आल्यावर आम्ही त्या तरुणाचा शोध घेण्याचा प्रयत्न केला. तो लागला नाही. माडीवरच्या खोल्यांत आता दोन विद्यार्थी राहतात. त्यांना आम्ही एवढेच विचारले, की भाडे महिन्याच्या कोणत्या तारखेला द्याल. त्यात आम्ही काही पराक्रम केला असे नाही. उशिरा का होईना, मालकीणबाईंच्या पंक्तीला जाऊन बसलो, इतकेच.