अणुविद्युत : दावे आणि हिशेब



अणुविद्युतेची चर्चा ग्रामसभेत निघो वा मंत्रालयात, ती बहुधा दोन टोकांना जाते. एका पक्षाला अणुभट्टी हा वीजटंचाईवरील रामबाण उपाय वाटतो, तर दुसऱ्याला ती केवळ संकट वाटते. या वादात एक साधा हिशेब मागे पडतो. या उद्योगाने वेळोवेळी जे आकडे जाहीर केले, ते प्रत्यक्षात कितपत उतरले?

विसाव्या शतकाअखेर देशात ४३,५०० मेगावॅट अणुविद्युत क्षमता उभी राहील, अशी डॉ. विक्रम साराभाई यांची अपेक्षा होती. १९८४ साली हे लक्ष्य १०,००० मेगावॅटवर आले. २००० साल संपले तेव्हा चौदा भट्ट्यांची एकूण क्षमता २,७२० मेगावॅट होती.

याचा सारा दोष शास्त्रज्ञांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर कॅनडाने राजस्थान प्रकल्पातून अंग काढून घेतले, तारापूरच्या इंधनावरून अमेरिकेशी वाद झाला, आणि बरीचशी सामग्री स्वदेशातच घडवावी लागली. कैगा येथील पहिली भट्टी ३१ डिसेंबर २०१८ पर्यंत सलग ९६२ दिवस चालली, ही त्याच परिश्रमांची फलश्रुती होय. परंतु अडचणींचे कारण पटले म्हणून अंदाज बरोबर ठरत नाही. त्या अंदाजांवर विसंबून इतर साधनांचे नियोजन झाले, तर टंचाई अखेर ग्राहकालाच सोसावी लागते.

विरोधकांचा हिशेबही तपासून घेतला पाहिजे. १ मेगावॅटचे यंत्र वर्षभर पूर्ण क्षमतेने अखंड चालले तर ८७.६ लाख युनिट वीज देते. अणुकेंद्राचे हे प्रमाण ८० टक्के धरल्यास सुमारे ७० लाख युनिट मिळतात. सौर प्रकल्पाचे २० टक्के धरल्यास साडेसतरा लाखच. म्हणजे मेगावॅटला मेगावॅट लावून सौरऊर्जा स्वस्त ठरविणारेही अर्धाच हिशेब मांडतात. रात्री आणि भर पावसाळ्यातही वीज देण्याचा अणुकेंद्राचा गुण नाकारता येणार नाही.

महाराष्ट्राच्या दृष्टीने खरा प्रश्न मुदतीचा व दराचा आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील जैतापूर येथे प्रत्येकी १,७३० मेगावॅटच्या सहा फ्रेंच भट्ट्या योजिल्या आहेत. त्याच बनावटीची एक भट्टी फ्रान्समध्ये फ्लामांव्हिल येथे २००७ साली बांधावयास घेतली. ती २०१२ साली ३.३ अब्ज युरो खर्चात पुरी व्हावयाची होती. प्रत्यक्षात ती डिसेंबर २०२४ मध्ये वीजजाळ्याशी जोडली गेली आणि बांधकामाचा खर्च १३.२ अब्ज युरोवर गेला. फिनलंडमधील ओल्किलुओतो येथे काम २००५ साली सुरू झाले. तेथील नियमित वीजनिर्मितीस २०२३ साल उजाडले.

भट्टी बांधून होईपर्यंत तिच्यापासून एक पैशाचेही उत्पन्न नसते. कर्जाचे व्याज मात्र चढत राहते आणि युनिटच्या दरात उतरते. साहजिकच जैतापूरविषयी विचारावयाचे ते हे की, विलंब झाल्यास वाढीव भार कोणी उचलावयाचा, आणि ते करारात लिहिले जाणार की नाही? फ्रेंच कंपनीशी प्राथमिक करार २०१० साली झाला. २०२५ सालीही खर्चाच्या व दराच्या वाटाघाटी चालूच होत्या. माडबन, मिठगवाणे, करेल, निवेली या परिसरातील सुमारे ९३८ हेक्टर जमीन मात्र त्यापूर्वीच संपादित झाली होती.