उसाच्या बेटाचे राजकारण आणि अर्थकारण

(तांबरम येथील मराठी रहिवाशांपुढे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



तांबरम सॅनेटोरियमजवळचे निर्यात प्रक्रिया क्षेत्र १९८४ साली स्थापन झाले. त्याच्या चौदा वर्षे आधी, १९७० मध्ये, हिंदी महासागरातील मॉरिशस या चिमुकल्या राष्ट्राने याच धर्तीचा कायदा केला होता. फरक एवढाच की तांबरमच्या क्षेत्राला कुंपण आहे. मॉरिशसने ते घातलेच नाही. बेटावर कोठेही, अगदी खेड्यातही, निर्यातीचा कारखाना काढावा आणि सवलती घ्याव्यात, अशी ती मुभा होती. त्यामुळे उसाच्या मळ्यांत राबणाऱ्या घरांतील लेकीसुना गावाजवळच शिलाईयंत्रावर बसल्या आणि मजुरी प्रथमच स्त्रीच्या हाती पडू लागली.

या निर्णयामागे भीती होती. १९६१ मध्ये जेम्स मीड या ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञाने बेटाचे भवितव्य फारच काळवंडलेले रंगवले होते. लोकसंख्या वाढती, पीक एकच, समाज अनेक. निर्यातीत साखरेचा वाटा नव्वद टक्क्यांहून अधिक. एखादे चक्रीवादळ आले की वर्षाचा जमाखर्च कोसळे. १२ मार्च १९६८ रोजी स्वातंत्र्य मिळाले ते अशा अवस्थेत. पुढे मीड यांना नोबेल पारितोषिक मिळाले; मॉरिशसबाबतचे त्यांचे भाकीत मात्र खोटे ठरले. त्याचे श्रेय कष्टांना आहे, तसेच करारांनाही. १९७५ च्या लोमे करारान्वये युरोपने दरवर्षी सुमारे पाच लाख टन साखर ठरावीक, बहुधा चढ्या भावाने घेण्याचे मान्य केले. त्या नफ्यातून गिरण्या आणि हॉटेले उभी राहिली.

हा ऊस प्रथम लावला गेला तो गुलामांच्या आणि पुढे गिरमिटियांच्या घामावर. १८३४ पासून सुमारे साडेचार लाख भारतीय कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या बंदरांतून तेथे गेले. मुंबईहून निघालेल्यांत कोकणातील मराठी माणसे होती. तमिळ कारागीर तर फ्रेंच अमदानीतच पाँडिचेरीकडून पोहोचले होते. आज गणेशचतुर्थी आणि तैपूसम कावडी या दोन्ही दिवशी त्या देशात सार्वजनिक सुट्टी असते. मराठी वाड्यावस्त्यांत गणपतीपुढे झाकडी होते, शाळेत मराठी विषय शिकवला जातो. पण घरातली बोली क्रेओल झाली आहे. भाषा सणात आणि वेळापत्रकात टिकली, स्वयंपाकघरातून गेली. मराठी शाळेच्या पालकांनी या ओळीवर क्षणभर थांबावे.

समाजांची ही मोजदाद तेथील राज्यघटनेतही शिरली आहे. निवडून येणाऱ्या बासष्ट सदस्यांखेरीज आठपर्यंत जागा पराभूत उमेदवारांतून भरल्या जातात, जेणेकरून कोणताही समाज संसदेबाहेर राहू नये. त्यासाठी आधार १९७२ च्या जनगणनेचा, आणि मराठी, तमिळ, तेलुगू हे सारे ‘हिंदू’ या एकाच रकान्यात! गंमत अशी की १९८२, १९९५ आणि २०२४ मध्ये मुख्य बेटावरील साठच्या साठ जागा एकाच आघाडीने जिंकल्या. विरोधकांचा आवाज तेव्हा या पराभूतांच्या जागांतूनच उरला. व्यवस्था जुनाट आहे, तरी निरर्थक नाही.

अस्मितेचा प्रश्न तेथे नोटेवरही येतो. १९९८ साली नव्या नोटांवर हिंदी मजकूर तमिळच्या वर छापला गेला. तमिळ समाज खवळला. नोटा परत घेऊन जुना क्रम पुन्हा छापावा लागला.

दरम्यान आधाराचे खांब एकेक करून निखळले. २००५ मध्ये कापडाचे जागतिक कोटे संपले, २००९ मध्ये साखरेची हमी गेली. तिसरा खांब भारताशी झालेल्या करविषयक कराराचा. १९८० च्या दशकातील त्या करारामुळे भारतात येणारे परकीय भांडवल पोर्ट लुईच्या कागदोपत्री वाटेने येऊ लागले. आयकर बुडतो, ही भारताची तक्रार रास्तच होती. २०१६ मध्ये कराराची दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल २०१७ नंतर घेतलेल्या समभागांवरील भांडवली नफ्यावर भारतात कर लागू झाला. ब्रसेल्स काय किंवा दिल्ली काय, निर्णय तिकडे होतो आणि चूल बेटावरची थंडावते.

समुद्राचा हिशेब याहून कडू आहे. स्वातंत्र्यापूर्वी, १९६५ मध्ये, ब्रिटनने तीस लाख पौंड देऊन चागोस बेटे तोडून घेतली आणि दिएगो गार्सियावर अमेरिकी तळ व्हावा म्हणून १९७३ पर्यंत तेथील रहिवाशांना हाकलले. ही फाळणी बेकायदा होती, असे मत आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २०१९ मध्ये दिले. मे २०२५ मध्ये सार्वभौमत्व परत देण्याच्या करारावर सह्या झाल्या; त्यातही दिएगो गार्सिया ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने ब्रिटनकडेच ठेवण्याची तरतूद आहे.

मुख्य बेटापासून उत्तरेस सुमारे ११०० किलोमीटरवर अगालेगा आहे. तेथे भारताने बांधलेल्या धावपट्टीचे आणि धक्क्याचे उद्घाटन २९ फेब्रुवारी २०२४ रोजी झाले. हा लष्करी तळ नाही, असे मॉरिशसचे सरकार सांगते. अगालेगावर जेमतेम तीनशे माणसे राहतात, आणि चागोसची कथा त्यांना ठाऊक आहे.