एक दोडका वेलावरच राहू द्या

भाद्रपद सरत आलाय, पाऊस ओसरतोय आणि आमच्या वस्तीच्या सामूहिक बागेत टोपल्या भरतायत. भेंडी, चवळी, दोडका, घोसाळं. कुंपणावर गोकर्ण, कडेला तेरडा. झेंडूला कळ्या धरल्यात, दसऱ्याला फुलं नक्की.

ही बाग बघून शिकता यावं म्हणून केलीय. त्यामुळे येणाऱ्याला मी आधी दोन वेल दाखवते. दोडक्याची पिवळी फुलं संध्याकाळी उमलतात, घोसाळ्याची सकाळी. ज्या फुलामागे इवलंसं फळ दिसतं, ते मादी फूल. कीटकांनी पराग आणून दिले नाहीत, तर ते फळ पिवळं पडून गळतं. म्हणून फुलांवर विषारी फवारणी नकोच.

आता वादाची गोष्ट. सगळ्यात देखणा दोडका आम्ही तोडत नाही, त्याला लाल दोरा बांधतो. पितृपक्षात भाज्या महाग, त्यामुळे ‘वाया कशाला घालवताय?’ हे ऐकावंच लागतं. पण तो वेलावर वाळून आत खुळखुळायला लागला, की पुढच्या पावसाळ्याचं बी घरचं. चांगली फळं खाऊन उरलेल्याचं बी धरलं, तर वाण हळूहळू खालावतो. मात्र हे गावरान वाणाचं. हायब्रीडच्या बियांतून तसंच झाड येत नाही.

अकोले तालुक्यातल्या राहीबाई पोपेरेंना २०२० सालची पद्मश्री मिळाली, ती असं गावरान बियाणं जपल्याबद्दलच.

तुमच्या कुंडीत गावरान भेंडी असेल, तर आजच एका भेंडीला दोरा बांधा. बाकीच्यांची खुशाल भाजी करा. भेटू पुढच्या भागात!