मानेतील गाठीचा निवाडा

(कोपरखैरणे येथील व्याख्यानाचा संपादित अंश)



कोपरखैरणे ही माथाडी कामगारांची वस्ती. बाजार समितीत पाठीवर पोती वाहणाऱ्या कित्येकांच्या खिशात आजही तंबाखू-चुन्याची डबी सापडते. महाराष्ट्राने २०१२ साली गुटख्यावर बंदी घातली, तरी व्यसन सुटलेले नाही. म्हणून मुखाच्या कर्करोगावरील एका संशोधनाची हकीकत आपणापुढे मांडणे अगत्याचे आहे. हे संशोधन झाले ते आपल्याच परळच्या टाटा रुग्णालयात.

जिभेवर वा गालाच्या आत झालेला कर्करोग लहान असताना शस्त्रक्रियेने काढता येतो. तेथून तो प्रथम पसरतो मानेतील लसिकाग्रंथींमध्ये. आता प्रश्न असा, की तपासणीत मान निर्दोष दिसत असेल, तर या ग्रंथी त्याच वेळी काढाव्यात, की गाठ हाताला लागेपर्यंत वाट पाहावी? काढल्या तर शस्त्रक्रिया वाढते, काहींचा खांदा दुखतो, आखडतो. शिवाय अनेकांच्या ग्रंथी निरोगीच निघतात. न काढल्या तर दडलेला रोग बळावण्याचे भय. या प्रश्नावर जगभरच्या शल्यचिकित्सकांत अनेक दशके मतभेद होते.

डॉ. अनिल डिक्रूझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये त्याचा कस लावण्याचे ठरविले. दहा वर्षांत ५९६ रुग्णांनी संमती दिली. कोणावर कोणता उपचार करावयाचा, हे चिठ्ठी टाकावी तसे ठरले. वैद्याची आवडनिवड त्यात आली नाही. पहिल्या पाचशे रुग्णांच्या नोंदी तपासल्या तेव्हा उत्तर स्पष्ट झाले. ग्रंथी आरंभीच काढलेल्यांपैकी तीन वर्षांनी ८० टक्के हयात होते. वाट पाहिलेल्यांपैकी ६७.५ टक्के. म्हणजे आठ जणांची मान वेळीच तपासून साफ केली, तर त्यांतील एकाचा मृत्यू टळतो. २०१५ मध्ये अमेरिकेतील विख्यात वैद्यकीय नियतकालिकाने हे निष्कर्ष प्रसिद्ध केले आणि जगाच्या उपचारपद्धतीवर त्यांचा प्रभाव पडला.

‘म्हणजे गरीब रुग्णांवर प्रयोगच ना?’ असा आक्षेप कोणी घेईल. तो टाळून चालणार नाही. परंतु दोन्ही उपचार तेव्हा जगभर मान्य होते. कोणता सरस, हे कोणालाच ठाऊक नव्हते. अशा वेळी मोजमाप न करता केवळ सवयीने उपचार करीत राहणे, हाही एक प्रयोगच. फक्त त्याची नोंद कोठे राहत नाही. संमती, देखरेख आणि प्रामाणिक नोंद या तीन गोष्टी सांभाळल्या, तर संशोधन ही रुग्णसेवाच ठरते. त्या ५९६ जणांची नावे आपणास ठाऊक नाहीत. पण त्यांच्यानंतर आलेल्या असंख्य रुग्णांवर त्यांचे ऋण आहे.

ते फेडण्याचा मार्ग घरातूनच जातो. तोंडातील जखम वा पांढरा-लाल चट्टा दोन-तीन आठवड्यांत बरा झाला नाही, तर वडीलधाऱ्यांना, कामावरच्या सोबत्याला रुग्णालयात घेऊन जा. शल्यचिकित्सकांनी मानेच्या शस्त्रक्रियेचा सल्ला दिला, तर ‘तेथे तर गाठ दिसत नाही’ म्हणून नकार देण्याची घाई करू नका. कारण विचारा, शंका फेडून घ्या. रोग लहान असतानाच या संशोधनाचा लाभ मिळतो. तंबाखूची डबी आज रात्रीच घराबाहेर गेली, तर या ज्ञानाची गरज पडण्याची शक्यताही कमी होईल.